पिकलें पान आणि शस्त्र

"पिकलें पान आज ना उद्यां गळायचेंच, त्यावर शस्त्र कशाला?" हा प्रश्न गेल्या वर्षीं भिवंडीच्या आमच्या घरीं तीन आठवडे घोळत होता. आमचे थोरले काका ९१ वर्षांचे. जन्मभर धोतर नेसलेले. जेथें तें कमरेस आवळलें जाई, तेथील जुना काळा चट्टा फुटून व्रण झाला. हळद झाली, लेप झाले. व्रण कांहीं भरेना. अखेर मुंबईस नेऊन तुकडा तपासला, तों त्वचेचा कर्करोग निघाला.

ह्या रोगास वैद्यकांत 'धोतराचा कर्करोग' असेंच नांव आहे, हें ऐकून आम्ही चकित झालों. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयांतील डॉ. खानोलकर यांनीं सूर्याबाई यांच्यासह १९४५ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. घट्ट नेसलेलें वस्त्र वर्षानुवर्षें एकाच जागीं घासत राहिलें कीं कातडी काळवंडते, जाड होते, व क्वचित् पुढें हा विकार उद्भवतो.

शस्त्रवैद्य म्हणाले, "तेवढीच जागा बधिर करूं, संपूर्ण भूल नको. त्वचेचे कांहीं कर्करोग इतके सावकाश वाढतात कीं अतिवृद्धांत ते तसेच राहूं दिले तरी चालतें. हा मात्र जांघेंतील गांठींत उतरूं शकतो. मग वेदना, दुर्गंधी, रक्तस्राव." व्रणाभोंवतालची थोडी निरोगी कातडीहि काढावी लागेल, असें ते म्हणाले, तेव्हां आम्हांस सुश्रुताची आठवण झाली. अर्बुद नि:शेष काढावें, शेष राहिल्यास तें पुन्हां वाढतें, असें त्यानेंहि बजावलें आहे.

तरी ओटीवर वाद चालूच. धाकटे बंधु म्हणत, "ह्या वयांत हाल नकोत." आम्हीहि त्यांच्याच बाजूचे होतों, हें कबूल केलें पाहिजे. एके सायंकाळीं काका काठी टेकीत बाहेर आले. "अरे, गांठ माझ्या कमरेची, आणि सोडवतां तुम्ही! मला कोणी विचारलें का?"

मुलांस प्रश्न विचारण्यांत ज्यांचा जन्म गेला, ते आम्ही खालीं मान घालून बसलों. काकांनीं स्वतः शस्त्रवैद्यांस दोनच प्रश्न केले: पूजेस बसतां येईल का, आणि उठण्याबसण्यास दुसऱ्याचा आधार किती दिवस लागेल? उत्तरें ऐकून त्यांनीं संमति दिली.

जखम भरण्यास दोन महिने लागले. वृद्धाची कातडी विरलेल्या वस्त्रासारखी. मधून मधून आमचा धीर सुटे, त्यांचा सुटला नाहीं. आतां ते सैल पंचा नेसून पूजेस बसतात. पुढचें कोणी सांगावें? परंतु वाचकहो, घरांतील वडीलधाऱ्यांचा व्रण महिनाभर भरला नाहीं तर तो वैद्यांस दाखवा. आणि शस्त्र करावें कीं न करावें, हें ओटीवर ठरविण्यापूर्वीं आंत जाऊन त्यांस विचारा.