ऊस शिजतो उसावरच!

दसऱ्याच्या सुमारास वर्तमानपत्रात एक भारदस्त बातमी हमखास असते : साखर कारखान्याचा बॉयलर अग्निप्रदीपन समारंभ संपन्न! हे अग्निप्रदीपन म्हणजे काय? चला, प्रवरानगरला जाऊ. पूर्वीच्या नगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं हे गाव. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून इथे शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पहिला हंगाम १९५०-५१चा.

साखर कारखान्यात शिरलात की गव्हाणीत पडणारा ऊस बघत तुम्ही तिथेच रेंगाळाल. पण आपल्याला जायचंय बॉयलरकडे. बॉयलर म्हणजे मोठ्ठा बंद हंडा, असं वाटतं ना? जुना लँकेशायर बॉयलर खरंच तसा होता. आडवं पिंप, त्यात दोन जाड नळ्या. नळ्यांत जाळ, भोवती पाणी. हा झाला अग्निनलिका बॉयलर. साखर कारखान्यातला जलनलिका बॉयलर नेमका उलटा! पाणी बारीक नळ्यांमध्ये आणि जाळ बाहेर. बारीक नळी जास्त दाब सोसते, म्हणून ही उलटापालट. वरच्या ड्रममध्ये वाफ जमते, खालच्यात गाळ बसतो. म्हणून त्याचं नावच मड ड्रम. वाफ आणखी तापवतो तो सुपरहीटर.

आणि जळण कसलं? रस काढून उरलेला उसाचा भुसा, म्हणजे बगॅस! तो निम्मा ओला असतो, तरी भट्टीत छान पेटतो. त्याच्या वाफेवर आधी टर्बाइन फिरून वीज होते, मग तीच वाफ उसाचा रस आटवते. आहे की नाही काटकसर?

आता जरा जपून. एक लिटर पाण्याची साध्या हवेच्या दाबाखाली सुमारे १६०० लिटर वाफ होते. ती कोंडली तर? १८६३ साली कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसं दगावली, तेव्हा पुढच्याच वर्षी बंगालमध्ये तपासणीचा कायदा झाला. दाब वाढला की सेफ्टी व्हॉल्व आपोआप उघडतो. पण पाणी किती आहे, ते दाखवते एक काचेची नळी, गेज ग्लास. पाणी फार उतरलं, तर नळ्या लालबुंद होतात. अशा वेळी घाईनं गार पाणी सोडणं महाघातक. आधी जाळ बंद करायचा.

म्हणून परवानाधारक बॉयलर अटेंडंट त्या काचेवर सतत लक्ष ठेवतो. हंगामात भट्टी रात्रंदिवस पेटलेली. तुम्ही झोपलेले असता, तेव्हाही तिसऱ्या पाळीतलं कुणीतरी तिथे जागं असतं.