अबोल सी-टाइप

जेमतेम साडेआठ मिलिमीटर रुंद, अडीच मिलिमीटर उंच, दोन्ही कडा गोलसर. एवढंसं त्याचं तोंड. वैजापुरात तो आता कुठे नाही? मोबाइलच्या बुडाशी आहे, कानातल्या इअरबडच्या डबीला आहे, रात्री मोटार चालू करायला शेतात जाताना खिशात टाकायच्या बॅटरीला आहे आणि दाखले काढून देणाऱ्या सेवा केंद्रातल्या नव्या लॅपटॉपलाही आहे. यूएसबी टाइप-सी अशी पूर्ण नावानं त्याला कुणी हाक मारत नाही. ‘सी-टाइप द्या’ एवढं पुरतं. बारीक पिन, जाड पिन, चपटी पिन अशा सगळ्या पिढ्या काउंटरवर पाहिलेल्या दुकानदारांना हा आला तेव्हा हायसं वाटलं होतं. उलटा घाला, सुलटा घाला, बिचाऱ्याची तक्रार नाही.

हा गुण त्याला वाडवडिलांकडून मिळालेला नाही. थोरला यूएसबी १९९६चा. तो हट्टी होता; एकाच बाजूनं बसायचा आणि ती बाजू कोणती हे अंधारात कधी कळू द्यायचा नाही. त्याला घडवणाऱ्यांत इंटेलचे अजय भट्ट प्रमुख होते, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. दोन्ही बाजूंनी बसणारा प्लग आपल्याला तेव्हाही सुचला होता, पण तारा दुप्पट, सर्किट दुप्पट, म्हणजे खर्चही दुप्पट झाला असता, असं त्यांनी पुढे सांगितलं. कुणी ओळखत नव्हतं अशा वस्तूला महाग होऊन चालण्यासारखं नव्हतं. २०१४ साली सी-टाइप आला तो हा खर्च अंगावर घेऊनच. त्या चिमुकल्या तोंडात चोवीस पिना आहेत, बारा वर आणि बारा खाली, अशा रचलेल्या की प्लग पालथा झाला तरी जोड्या जुळतात. दहा हजार वेळा घातला-काढला तरी टिकावा, असं त्याच्याकडून अपेक्षित आहे.

इतका सालस गडी, पण त्याची एक खोड भल्याभल्यांना महागात पडते. तो स्वतःबद्दल अवाक्षर काढत नाही.

एका लॅपटॉपवर तो फक्त फाइलींची ने-आण करतो; चार्जर लावला तर ढिम्म, मॉनिटर लावला तर पडदा काळा. शेजारच्या लॅपटॉपवर तोच, त्याच चेहऱ्याचा, लॅपटॉपला वीज घेतो, पडद्यावर चित्र पाठवतो आणि वर डिस्कही चालवतो. तिसऱ्यावर त्याच्या आत थंडरबोल्ट नावाची आणखी वेगवान जोडणी बसलेली असते. स्वस्त लॅपटॉपांत पहिला प्रकार पुष्कळ आढळतो. विकत घेणाऱ्याला भोक दिसतं, भोकामागची चिप दिसत नाही.

वैजापूरकरांना हा घोळ उलट्या बाजूनं माहीत आहे. त्यांच्या रोटेगाव स्टेशनवरून जाणारी निजामाच्या काळातली लाइन मीटरगेज होती, आणि १९९०च्या दशकात ती रुंद होईपर्यंत मुंबईला जाणाऱ्यानं मनमाडला सामान खांद्यावर घेऊन गाडी बदलायची. दोन रुळांमधलं अंतर एकीकडे १००० मिलिमीटर, दुसरीकडे १६७६. गैरसोय होती, पण फसवणूक नव्हती, कारण फरक डोळ्यांना दिसत होता. सी-टाइपनं रूळ सगळीकडे सारखे केले. त्यावरून मालगाडी जाईल की एक्स्प्रेस, हे मात्र गाडी आल्यावरच कळतं.

माणसांशी अबोल असला तरी आपल्यांत तो चांगलाच बोलका आहे. त्यासाठी त्याच्याकडे सीसी नावाच्या दोन पिना राखीव आहेत. प्लग आत गेला की आधी याच पिनांवरून विचारपूस होते. पलीकडे कोण आहे, प्लग सुलटा आहे की पालथा, वीज कोण देणार, कोण घेणार. सुरुवात ५ व्होल्टनं. मग चार्जर सांगतो की माझ्याकडे ९, १५, २० व्होल्ट आहेत, लॅपटॉप त्यातलं काय हवं ते मागतो, आणि सौदा ठरल्यावरच दाब चढतो. पूर्वी ही देवाणघेवाण १०० वॉटपर्यंतच होती. २०२१च्या नियमांनी ती ४८ व्होल्टवर २४० वॉटपर्यंत नेली. पडद्याचीही बोलणी इथेच होतात. मॉनिटर हवा म्हटलं की वेगानं धावणाऱ्या तारांच्या चार जोड्यांपैकी दोन किंवा चारही जोड्या चित्राला दिल्या जातात. चारही दिल्या तर डिस्कसाठी जुनी ४८० मेगाबिटची वाट तेवढी उरते. डॉक म्हणजे एका सी-पोर्टवर मॉनिटर, डिस्क, चार्जर सगळं जोडून देणारी डबी. स्वस्त डॉकवर ४के मॉनिटर लावला की माउसचा बाण अडखळत सरकतो. डॉकनं डिस्कसाठी दोन जोड्या राखल्या, चित्राला दोनच मिळाल्या, म्हणून सेकंदाला साठऐवजी तीसच चित्रं पोचतात. बाहेर बसलेल्या आपल्याला यातलं काही ऐकू येत नाही आणि शिव्या मॉनिटर खातो.

डॉकच्या काउंटरवर हे सगळं उघडं पडतं. सेवा केंद्र चालवणाऱ्या एक ताई पुण्याच्या भावानं दिलेल्या सडपातळ लॅपटॉपसाठी डॉक मागत असतात. लॅपटॉपला दोन सी-पोर्ट आणि हेडफोनचं एक भोक, बस्स. जोडायचं काय? बोटाचे ठसे घेणारं यंत्र, प्रिंटर, लोकांचे पेनड्राइव्ह आणि एक मॉनिटर.

‘‘लॅपटॉप आणलाय का ताई? बघितल्याशिवाय डॉक देत नाही मी.’’

‘‘दादा, भोक तर सगळ्याला सारखंच असतंय ना?’’

‘‘भोक सारखंच असतंय. म्हणून तर बघावं लागतंय.’’

असा दुकानदार मिळाला तर त्याच्याकडून दोन रुपये जास्त देऊन वस्तू घ्यावी. तो लॅपटॉपच्या कडेला बारीक खुणा शोधतो. इंग्रजी डीसारखी खूण असेल तर चित्र जातं, बॅटरीची खूण असेल तर चार्ज होतो, विजेचा बाण असेल तर थंडरबोल्ट. कित्येक कंपन्या काहीच छापत नाहीत. तेव्हा मॉडेल नंबर घालून माहिती काढायची, नाहीतर सरळ मॉनिटर जोडून बघायचा. या ताईंना थंडरबोल्ट डॉक विकणं म्हणजे पाप आहे. त्याच्या किमतीत मॉनिटर, हब दोन्ही येऊन पैसे उरतील. ठशांचं यंत्र आणि प्रिंटर ४८० मेगाबिटच्या जुन्या वाटेवरही निवांत चालतात. सातबारा छापायला यापेक्षा वेग लागत नाही. त्यांना हवा तो एचडीएमआय, तीन जुनी यूएसबी भोकं आणि चार्जर लावायची सोय असलेला साधा हब. फक्त एक विचारून घ्यायचं. चार्जरच्या ६५ वॉटमधले काही वॉट हब स्वतः खातो, मग उरलेल्यात लॅपटॉपचं भागतं का?

लग्नाचं शूटिंग करणाऱ्या मुलाची गोष्ट वेगळी. त्याला दोन ४के मॉनिटर हवेत, आणि पाचशे जीबीचं फुटेज डिस्कवर उतरवायचं आहे. मोबाइलबरोबर आलेल्या केबलनं ते करायला गेला तर साडेतीन तास जातील, कारण चार्जिंगच्या बहुतेक केबली आतून यूएसबी २.० असतात. १० जीबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला १० गिगाबिट नेणाऱ्या केबलनं, डिस्क चांगली असेल तर, तेच काम नऊ-दहा मिनिटांचं. दोन्ही केबली शेजारी ठेवल्या तर ओळखू येणार नाहीत.

याला थंडरबोल्ट परवडतो. २०११ साली इंटेल आणि ॲपलनं तो आणला तेव्हा त्याचं भोक वेगळं होतं. २०१५ला तिसरी पिढी ४० जीबीपीएसचा वेग घेऊन सी-टाइपच्या घरात राहायला आली. पुढे इंटेलनं आपली विद्या यूएसबीवाल्यांना दिली आणि २०१९ला त्यातून यूएसबी४ जन्मला. मात्र यूएसबी४ नाव असलं की ४० मिळेलच असं नाही, किमान अट २०चीच. थंडरबोल्ट ४ त्यामानानं शब्दाचा पक्का: ४० जीबीपीएस आणि दोन ४के पडदे, ही त्याची अटच आहे. निवड माझ्यावर असती तर रोज डॉकवर काम करणाऱ्याला मी हाच सांगितला असता. जुना थंडरबोल्ट ३चा डॉक स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नये, त्यातल्या बऱ्याच जणांना साध्या सी-पोर्टशी बोलताच येत नाही. २०२३ला जाहीर झालेला पाचवा ८० जीबीपीएसचा आहे. तो वैजापूरच्या लग्नांना तूर्त लागत नाही.

नावांचा गोंधळ यूएसबीवाल्यांनी स्वतःच घातला. २००८चा ३.० आधी ३.१ जेन १ झाला, मग ३.२ जेन १ झाला. वेग तोच, ५ जीबीपीएस. बारसं इतक्या वेळा झालेलं मूल दुसरं नसेल. म्हणून खोक्यावरचं नाव वाचू नये, आकडा वाचावा.

केबल ही सी-टाइपची दुखरी नस. ६० वॉटच्या वर वीज न्यायची तर केबलच्या टोकाला ओळख सांगणारी चिप लागते. ४० जीबीपीएस हवे असतील तर साधी केबल ८० सेंटिमीटरच्या आसपास थांबते, पुढे महागडी लागते. गुगलचे अभियंते बेन्सन लेउंग २०१५पासून बाजारातल्या केबली विकत घेऊन तपासत होते; पुढच्याच वर्षी चुकीच्या जोडणीच्या एका केबलनं त्यांचा लॅपटॉपच निकामी केला.

सरकारांनीही सी-टाइपला मान दिला. भारतीय मानक ब्यूरोनं सी-टाइपसाठी आयएस/आयईसी ६२६८०-१-३:२०२२ हे मानक काढलं. युरोपनं डिसेंबर २०२४पासून मोबाइलना तो सक्तीचा केला, आणि लॅपटॉपांसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली. पण युरोपचा कायदा चार्जिंगपुरता आहे. पडदा चालेल की नाही, डिस्क किती वेगानं धावेल, यावर तो काही बोलत नाही. तिथे पाऊल टाकलं ते मायक्रोसॉफ्टनं. आमचं प्रमाणपत्र हवं असेल तर लॅपटॉपचा प्रत्येक सी-पोर्ट डेटा, चार्जिंग आणि पडदा तिन्ही देणारा हवा, असं २०२५मध्ये तिनं कंपन्यांना बजावलं. जुने लॅपटॉप मात्र आहेत तसेच राहणार.

तोवर चांगले दुकानदार आपली सोय आपण करतात. किमतीच्या चिकटपट्टीवर बॉलपेननं लिहितात, ‘फक्त चार्जिंग’, ‘डिस्प्ले चालतो’, ‘१० जीबी’, आणि ती केबलला गुंडाळून देतात. गिऱ्हाईक घरी जाऊन आधी ती पट्टी सोलून काढतं, केबल नवी दिसायला हवी म्हणून.