पांढऱ्या नंबरप्लेटची बातमी आणि न विचारलेला प्रश्न

तर झालं असं. मागच्या वर्षी आपल्या परतूरच्याच एका इंजिनिअर पोराची बातमी मी केली होती. फोटोसकट, चार कॉलम. पोरानं ॲप बनवलं होतं. कुणाची गाडी जालन्याला किंवा संभाजीनगरला निघालीय, जागा रिकामी आहे, आणि कुणाला दवाखान्यात जायचंय, त्यांची गाठ घालून द्यायची. सीटमागं ठरलेले पैसे, त्यातला थोडा वाटा पोराला. रेल्वेची वेळ आणि डॉक्टरची वेळ जुळत नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. ॲप धावलं.

मी सगळं विचारलं. कल्पना कशी सुचली, वडील काय करतात, पुढचं स्वप्न काय. लायसन्स आहे का, एवढंच राहिलं.

दिवाळीनंतर ॲपवरून निघालेल्या एका गाडीला वाटूर फाट्याजवळ ट्रॅक्टरची ट्रॉली घासली. जीव वाचले, एका मावशीचा हात मोडला. मालकानं विम्याचा क्लेम टाकला. विमावाल्यांनी एकच विचारलं, "या बाई तुमच्या कोण?" गाडी पांढऱ्या पाटीची, विमा खासगी वापराचा, आणि पैसे घेऊन माणसं नेलेली. क्लेम नामंजूर. मालक पोराच्या दारात, पोरगं माझ्या दारात.

"काका, ॲपमध्ये खाली लिहिलं होतं ना, जबाबदारी गाडीमालकाची!"

मग मी बसून वाचलं, जे बातमीआधी वाचायला हवं होतं. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं 'ॲग्रीगेटर' हा शब्द आला. म्हणजे प्रवासी आणि चालक यांना मोबाईलवरून जोडून देणारा. स्वतःची एकही गाडी नसली तरी त्याला कलम ९३ खाली राज्याचं लायसन्स लागतं. नसेल तर दंड कमीत कमी २५ हजार, जास्तीत जास्त एक लाख. खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय, त्यानं हे टळत नाही.

रॅपिडोचं आठवतंय का? पुण्यात त्यांच्या बाईक टॅक्सी जोरात होत्या. डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या आरटीओनं लायसन्सचा अर्ज फेटाळला. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. सरकारचं धोरणच ठरलेलं नाही, मग आम्ही काय करायचं, असा तिचा सूर. १३ जानेवारी २०२३ ला कोर्टानं सुनावलं, लायसन्स नाही तर सेवा बंद. १९ जानेवारीला सरकारनं खासगी गाड्या अशा पूलिंगला वापरायलाच मनाई केली. ७ फेब्रुवारीला सुप्रीम कोर्टानंही दिलासा दिला नाही. एवढ्या मोठ्या कंपनीचं हे झालं, वकिलांची फौज असून. आपलं पोरगं तर कॉम्प्युटरच्या दुकानाच्या माडीवर बसतं.

आता सरकारचीही बाजू जरा बघा. एप्रिल २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं ई-बाईक टॅक्सीला मान्यता दिली, पण एक लाखाच्या वर लोकसंख्या असलेल्या शहरांसाठी. परतूर त्यात बसतच नाही. शहराला धोरण आणि आम्हाला नुसता दंड, हे मला पटत नाही. तरी मोडलेला हात पाहिल्यावर लायसन्सची अट चूक आहे, असंही म्हणवत नाही. प्रवासी गाडीचा विमा असता तर त्या मावशींना कुणाच्या दारात जावं लागलं नसतं. उपचाराचे पैसे सध्या पोराच्या वडिलांनी भरलेत, सोयाबीन विकून.

ॲप बंद आहे. पोरगं म्हणतं, पिवळ्या पाटीच्या गाड्यावाल्यांनाच घेतो, लायसन्सचा अर्ज करतो. गाडीवाले चौघं तयार आहेत. अर्ज कसा भरायचा, कंपनी आधी नोंदवायची की नंतर, हे सांगणारं कुणी भेटेना. जालना, परभणी, संभाजीनगरकडं या विषयात काम करणारे वकील किंवा सीए कुणाच्या ओळखीत असतील तर मला मेसेज करा. गाठ मी घालून देतो. फुकट, त्याला लायसन्स लागत नाही!