शेजारीं बसून केलेली मदत

संगणक आणि फोन हीं यंत्रें चालतात तोंवर त्यांची आठवणहि होत नाहीं; तीं रुसलीं म्हणजे मात्र सारें घर खोळंबतें. अशा वेळीं दूरध्वनीवरूनच मदत मागावी, कीं जाणत्या माणसाकडे समक्ष जावें? आमचा कौल समक्ष जाण्याकडे आहे.

गेल्या वर्षीं आमच्या आजीचा फोन चार्ज होईना. दूरदेशीं असलेल्या काकांचा आवाज तिला त्याच फोनवर ऐकावयास मिळे. म्हणून तिचा जीव कासावीस झाला. मदतकेंद्राला आम्हीं तीनदां फोन लावला. 'एक दाबा, दोन दाबा' हें ऐकण्यांतच वेळ गेला. अखेर आजीला घेऊन आम्ही पेठेंतील एका लहानशा दुकानीं गेलों. कारागिरानें फोन उजेडाकडे धरला, चार्जिंगच्या खांचेंत पाहिलें, आणि लांकडी काडीनें आंतील पुंजका हळूच काढला. तो आजीच्या कापडी बटव्यांतील सुताचा होता! दूरच्या माणसास तो दिसणार कसा?

फोन सुरू होतांच एक संदेश झळकला: 'बिल थकलें आहे, आज रात्रीं वीज तोडूं, या क्रमांकावर बोला.' आजी घाबरली. कारागीर म्हणाला, "आजी, हें ठकाचें काम. बिलाचें वीजकंपनीच्या कचेरींत विचारा." आजी एकटी असती तर तिनें तो क्रमांक खचित फिरविला असता.

असे ठक मदतनिसाचें सोंग घेऊन आपला पडदा त्यांस दिसेल असें ॲप घ्यावयास लावतात, ओटीपी विचारतात, आणि खातें रिकामें करतात. सन २०१६ मध्यें यूपीआय आल्यापासून पुष्कळांची थैली फोनांतच असते. फसवणूक झालीच तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळवावें.

दूरची मदत निरुपयोगी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. ज्या खेड्यांत दुकान नाहीं तेथें तिचाच आधार. परंतु यंत्रांतली धूळ, ढिली तार आणि म्हाताऱ्या माणसाची भीति हीं समोर बसल्यावांचून कळत नाहींत.

विद्यार्थिमित्रहो, आपणांपैकीं पुष्कळांस हीं यंत्रें चांगलीं चालवितां येतात. घरांतील वडीलधाऱ्यांजवळ घटकाभर बसा. त्यांच्या हातचा फोन हिसकावून घेऊं नका. त्यांच्याच बोटानें बटण दाबूं द्या. आपण त्रासून बोललों तर ते पुन्हां विचारणार नाहींत. आणि मग एखादा परका ठकच त्यांचा गुरु होऊन बसेल.