कमांडरसाहेबांची अबुधाबी

अबुधाबी म्हटलं की पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांच्या डोळ्यांपुढे तीनच गोष्टी येतात: तेल, सोनं आणि ऊन. पाहुणे येतात, कॉर्निशवर फिरतात, शेख झायेद मशिदीपुढे फोटो काढतात, खजूर आणि अत्तरं घेतात आणि बॅगेचं वजन करत परत जातात. हा दौरा आम्हा अबुधाबीकरांना आता तोंडपाठ झाला आहे. पण मागच्या हिवाळ्यात आमच्याकडे एक वेगळाच पाहुणा आला, आणि इतकी वर्षं इथे राहूनही न पाहिलेली अबुधाबी त्याच्यामुळे आम्हाला दिसली.

पाहुणा म्हणजे आमचा मामेभाऊ. भारतीय नौदलात कमांडर, वय ४३. रीतसर परवानगी काढून पंधरा दिवसांच्या रजेवर आला होता. नोकरीतल्या गोष्टी तो बोलत नाही आणि आम्ही विचारत नाही, असा आमचा जुना करार आहे. या वेळी मात्र त्याने आपणहूनच विषय काढला. परराष्ट्र धोरणाच्या अभ्यासासाठी वर्षभराच्या एका फेलोशिपला त्याला अर्ज करायचा होता. "दादा, तू परदेशात मास्टर्स केलंस. असले अर्ज तू लिहिले आहेस. मी वीस वर्षं फक्त सिग्नल आणि रिपोर्ट लिहिलेत," तो म्हणाला.

गणवेशातल्या माणसाला परराष्ट्र धोरणाशी काय करायचंय, असं आपल्यातल्या बऱ्याच जणांना वाटेल. पण ही वाट काही नवी नाही. न्यूयॉर्कच्या 'कौन्सिल ऑन फॉरिन रिलेशन्स'मध्ये अमेरिकन सैन्यातले निवडक अधिकारी वर्षभर अभ्यासाला बसलेले आहेत. दिल्लीत संरक्षणविषयक अभ्यासाची मोठी संस्था नोव्हेंबर १९६५ मध्ये स्थापन झाली, तेव्हा संरक्षणमंत्री होते आपले यशवंतराव चव्हाण. २०२० साली त्या संस्थेला गोव्याच्या मनोहर पर्रीकरांचं नाव देण्यात आलं. तिथेही सेवेतले अधिकारी संशोधनासाठी जातात. डिसेंबर २०२० मध्ये अमिरातीला भेट देणारे पहिले भारतीय लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे पुण्याचे, आणि त्यांनी पूर्वी यांगूनच्या आपल्या दूतावासात संरक्षण अधिकारी म्हणून काम केलं होतं. तेव्हा तलवार आणि तह यांचं नातं जुनंच आहे. शिवछत्रपतींच्या मुलखातल्या माणसांना ते वेगळं सांगायला नको.

पहिल्या दिवशी साहेबांनी मशिदीच्या आधी बंदर दाखवा म्हणून हट्ट धरला. आम्ही मीना झायेदला गेलो. लाकडी धाव, मासळीबाजार, जाळी दुरुस्त करणारे खलाशी. तिथे उभं राहून त्याने आम्हाला आमच्याच गावाचा इतिहास ऐकवला. १८१९ साली या किनाऱ्यावर इंग्रजांचं जे आरमार चालून आलं ते मुंबईहून निघालं होतं. १८२० चा तह त्यातूनच झाला. बुशेहरला बसणारा इंग्रज रेसिडेंट १८७३ पर्यंत मुंबई सरकारला जबाबदार होता. इथले मोती मुंबईच्या बाजारात विकले जात. एवढंच काय, १९५९ पासून रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा छापल्या होत्या, आणि १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन होईपर्यंत अबुधाबीत त्याच रुपयावर व्यवहार चालत. आमचे चिरंजीव, ज्यांना दिरहॅमपलीकडे चलन ठाऊक नाही, तेही कान देऊन ऐकत होते.

दुपारी कस्र अल होस्न पाहिला. १८व्या शतकातल्या टेहळणीच्या बुरुजाभोवती वाढलेला हा किल्ला. बुरूज बांधला तो गोड्या पाण्याच्या राखणीसाठी. हे ऐकून पोटापाण्यासाठी समुद्राचं खारं पाणी गोडं करणाऱ्या आमच्यासारख्या इंजिनिअरला बरं वाटलं. राखण अजून चालूच आहे, फक्त विहिरीच्या जागी तवीलाचा प्रकल्प आला आहे.

संध्याकाळी वाहत अल करामा. मशिदीच्या समोर, २०१६ मध्ये उभारलेलं हुतात्मा स्मारक. एकमेकांवर रेललेले ३१ प्रचंड फलक, एक काढला तर बाकीचे पडतील असे भासणारे. साहेब तिथे बराच वेळ गप्प उभे होते. आम्हाला १७ जानेवारी २०२२ आठवली. त्या दिवशी मुसाफ्फामध्ये ड्रोनहल्ला झाला आणि तीन कामगार गेले, दोन भारतीय आणि एक पाकिस्तानी. त्या दिवशी भारतातून फोनवर फोन आले होते ते आपण कोणीच विसरलेलो नाही. परराष्ट्र धोरण ही वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची गोष्ट नाही, हे आपल्याला त्या दिवशी कळलं.

शुक्रवारी रात्री जेवणाच्या टेबलावर अर्जाचा पहिला मसुदा आला. दोन पानं. जहाजं, नेमणुका, प्रशस्तिपत्रकं, आणि दर ओळीत तीन-तीन आद्याक्षरी संक्षेप. आम्ही म्हटलं, "अरे, निवड करणारे प्राध्यापक आणि निवृत्त राजदूत असतील. त्यांना यातलं अर्धं कळणार नाही." सौभाग्यवतींनी चष्मा लावून ती पानं वाचली आणि विचारलं, "भावजी, हुद्दे कळले. पण तुम्हाला नेमकं काय शोधायचंय?"

उत्तर दुसऱ्या दिवशी फुजैराच्या वाटेवर मिळालं. वाळवंट संपून काळे डोंगर सुरू होतात आणि मग एकदम ओमानचं आखात दिसतं. हबशानहून आलेली तेलाची नळ २०१२ पासून इथे समुद्राला मिळते, होर्मुझची चिंचोळी सामुद्रधुनी टाळण्यासाठी. याच किनाऱ्याजवळ १२ मे २०१९ रोजी चार जहाजांवर घातपात झाला. पुढच्याच महिन्यात भारतीय जहाजांच्या रक्षणासाठी नौदलाने 'ऑपरेशन संकल्प' सुरू केलं.

किनाऱ्यावर चहा घेताना साहेब बोलू लागले. "दादा, आपला झेंडा असलेलं जहाज राखायचं हे सोपं आहे. पण रत्नागिरीचा पोरगा लायबेरियाच्या झेंड्याखाली नोकरी करतो, त्याचं काय?" जानेवारी २०२४ मध्ये नेमकं हेच घडलं होतं. 'लीला नॉरफोक' लायबेरियाचं, त्यावर १५ भारतीय. 'मार्लिन लुआंडा' मार्शल बेटांचं, त्यावर २२ भारतीय. दोन्ही वेळा आपलं नौदल धावून गेलं. कायद्याने जहाज झेंड्याच्या देशाचं, माणसं मात्र आपली. मग कोणाकोणासाठी जायचं, किती दूर जायचं, आणि आखाती देशांशी आधीच काय ठरवून ठेवायचं?

"हेच लिही," आम्ही म्हटलं. त्या रात्री नवा मसुदा झाला. पहिल्या परिच्छेदात प्रश्न. दुसऱ्यात, तो प्रश्न जहाजाच्या पुलावरून कसा दिसतो. तिथे त्याची वीस वर्षं आपोआप आली. तिसऱ्यात, वर्षभरात नेमकं काय वाचणार, कोणाला भेटणार. चौथ्यात, परत आल्यावर नौदलाला त्याचा काय उपयोग. शिफारसपत्रं दोन: एक वरिष्ठांचं, दुसरं गणवेशाबाहेरच्या, त्याचं लिखाण वाचलेल्या प्राध्यापकांचं.

खरी अडचण कागदावर नव्हती. बढतीचं बोर्ड जवळ आलेलं. वर्षभर किनाऱ्यावर पुस्तकांत घालवलं तर समुद्रावरची नेमणूक हुकू शकते, आणि नौदलात तिचं वजन मोठं. मुलगी दहावीला. शिवाय मुख्यालयाची परवानगी हवीच. ती नसेल तर निवड होऊनही उपयोग नाही. त्या रात्री त्याने विशाखापट्टणमला बायकोला फोन लावला. तासाभराने बाहेर येऊन एवढंच म्हणाला, "ती म्हणते, बोर्ड दरवर्षी बसतं, हा प्रश्न मात्र तू दहा वर्षं डोक्यात घेऊन फिरतोयस."

हे लिहीत असताना मुख्यालयाची परवानगी आली आहे, निवडीचा निकाल यायचा आहे. तो काहीही लागो. या देशात आपण ३५ लाखांहून अधिक भारतीय आहोत. आपल्या पगाराची, पाण्याची, परतीच्या विमानाची सुरक्षितता कुठल्या तरी दालनात ठरते. तिथे समुद्र पाहिलेला एखादा माणूस बसावा, ही इच्छा स्वार्थाची असली तरी वाईट नाही.

वाचकहो, तुमचा भाऊ, भाचा, मेहुणा सैन्यात मधल्या हुद्द्यावर असेल आणि असा काही विचार करत असेल, तर त्याला आठवडाभर घरी बोलवा. मशीद दाखवा, मॉल दाखवा, पण बंदरावर आणि फुजैराला जरूर न्या. आणि अर्जाचं पहिलं पान घरातल्या अशा माणसाला वाचायला द्या, ज्याला हुद्द्यांचं काहीच कौतुक नाही.