साधं टाकू का पॉवरचं?

पेट्रोल पंपावर गाडी लावली की पोरगा विचारतो, "भाऊ, साधं टाकू का पॉवरचं?" आपण मीटरकडे पाहत, कधी मोबाईलमधून मान वर न करता, "टाक काहीही" म्हणतो. लिटरमागे सहा-आठ रुपयांचा फरक असतो. पण या दोघांत नेमका फरक काय, हे विचारणारा माणूस मी क्वचित पाहिला. सांगू शकणारा तर त्याहून क्वचित.

पोस्ट लांब आहे. पण गाडी असेल तर वाचा, आणि शेती असेल तर नक्कीच वाचा.

हा विषय डोक्यात यायला कारण माझा भाचा. पुण्यात नोकरी, तीन सिलिंडरची टर्बो पेट्रोल गाडी. मागच्या वर्षी त्याने ती 'रिमॅप' करून घेतली. म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम बदलून ताकद वाढवली. दिवाळीत घरी आला तर एकच विषय. "मामा, गाडी आता पळत नाही, उडून राह्यली!" मी विचारलं, "बरं, पेट्रोल कोणतं लागते तिले?" तो म्हणाला, "पुण्यात शंभर ऑक्टेनचं टाकतो. इकडं जे मिळन ते."

हे 'इकडं जे मिळन ते' मला खटकलं. मग मी वाचायला बसलो, दोन जुन्या मेकॅनिकांशी बोललो, आणि जे समजलं ते सरळ भाषेत मांडतो.

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. पहिला गैरसमज हाच. ऑक्टेनचा आकडा सांगतो की पेट्रोल दाबाखाली किती वेळ दम धरू शकते. इंजिनात हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबलं जातं, दाबलं की तापतं. ठिणगी पडल्यावर ज्योत एका बाजूने शिस्तीत पसरायला हवी. पण पेट्रोल कमी दमाचं असेल तर ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण स्वतःहून पेट घेतं. तेव्हा जो खडखड आवाज येतो, डब्यात गोट्या हलवल्यासारखा, त्याला 'नॉकिंग' म्हणतात. आयसो-ऑक्टेन नावाच्या द्रवाला १०० गुण, हेप्टेनला शून्य, आणि त्या मोजपट्टीवर आपलं पेट्रोल कुठे बसतं तो आकडा म्हणजे ऑक्टेन.

साध्या इंजिनात हा प्रश्न फार छळत नाही. टर्बोत छळतो. टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा, जो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. हवा जास्त, दाब जास्त, उष्णता जास्त. रिमॅप केला की टर्बोचा दाब आणखी वाढवतात आणि ठिणगीही थोडी आधी पाडतात. म्हणजे पेट्रोलच्या दमाची परीक्षा दोन्ही बाजूंनी. कंपनीने गाडी बनवताना जी सुरक्षित जागा राखून ठेवलेली असते, ती रिमॅपवाला वापरून टाकतो. ताकद आभाळातून येत नाही, या राखीव जागेतून येते.

आता आपला वऱ्हाड. २५ मे २०२४ ला अकोल्यात पारा ४५ च्या पुढे गेला आणि जिल्हा प्रशासनाला उन्हामुळे कलम १४४ लावावं लागलं, हे आठवत असेल. माणसांसाठी जमावबंदी लागली, पण इंजिनाला ती कोण लावणार? इंजिन जी हवा ओढते ती आधीच ४५ अंशांची. टर्बोने दाबल्यावर ती आणखी तापते. इंटरकूलर ती थंड करतो, पण थंड करायला त्याच्याकडेही बाहेरची तीच तापलेली हवा. पुण्यात जानेवारीत छान चालणारा प्रोग्रॅम मूर्तिजापूरजवळ मे महिन्याच्या दुपारी तसाच चालेल, याची खात्री नाही.

त्यात आपला रस्ता. अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना हा ७५ किलोमीटरचा पट्टा जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत सलग डांबरीकरण करून गिनीज बुकात गेला. रस्ता सरळ, गुळगुळीत. तरण्या पोराच्या हातात टर्बो गाडी आणि समोर असा रस्ता असला तर पाय आपोआप खाली जातो. लांबवर पूर्ण ताकदीने, तापलेल्या हवेत आणि कमी दमाच्या पेट्रोलवर चालणं, हे रिमॅप केलेल्या इंजिनाला सगळ्यात वाईट.

आजच्या गाड्यांत नॉक सेन्सर असतो. खडखड ऐकली की तो कॉम्प्युटरला सांगतो, कॉम्प्युटर ठिणगी उशिरा पाडतो, दाब कमी करतो. त्यामुळे इंजिन लगेच फुटत नाही, फक्त मलूल होतं. म्हणजे ताकद वाढवायला हजारो रुपये मोजायचे आणि चुकीच्या पेट्रोलवर ती ताकद कॉम्प्युटरने परत काढून घ्यायची. पण सेन्सरलाही मर्यादा आहे. तो आवाज ऐकल्यावर सावरतो, आधी नाही. वारंवार घडलं तर पिस्टनला तडे जातात, रिंगा बसतात. मग इंजिन खोलायचा खर्च लाखाच्या घरात.

आणखी एक गंमत, जी भाच्यालाही माहीत नव्हती. रिमॅपचे प्रोग्रॅम पुष्कळदा बाहेरदेशी लिहिलेले असतात. अमेरिकेतल्या पंपावर ९१ किंवा ९३ लिहिलेलं असतं, पण तो आपला आकडा नाही. ऑक्टेन मोजायच्या दोन पद्धती आहेत. आपल्याकडे आणि युरोपात 'आरओएन' सांगतात. दुसरी 'एमओएन', जी जास्त कठीण परीक्षा आहे. अमेरिकेत दोघांची सरासरी लिहितात. त्यामुळे तिथलं ९३ म्हणजे आपल्या हिशोबाने साधारण ९८, आणि तिथलं ९१ म्हणजे साधारण ९५-९६. "९१ वर चालते भाऊ, कोणतंही टाक" असं कोणी सांगितलं तर आधी विचारा, कुठलं ९१?

आता आपल्या पंपावर काय मिळतं ते पाहू. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आलं तेव्हा साध्या पेट्रोलचं किमान ऑक्टेन ९१ होतं. १ डिसेंबर २०२० ला इंडियन ऑइलने १०० ऑक्टेनचं एक्सपी-१०० बाजारात आणलं. पहिल्या टप्प्यातल्या दहा शहरांत महाराष्ट्रातली दोनच, मुंबई आणि पुणे. मग इथेनॉल आलं. १० टक्के मिश्रणाचं लक्ष्य देशाने जून २०२२ मध्ये गाठलं, २० टक्क्यांच्या ई-२० ची सुरुवात ६ फेब्रुवारी २०२३ ला झाली, आणि २०३० चं लक्ष्य अलीकडे ओढून २०२५ मध्येच साध्या नोझलमधून ई-२० यायला लागलं.

आता नीट ऐका. इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन फार जास्त, पेट्रोलियम मंत्रालयाच्या म्हणण्यानुसार १०८ च्या वर. त्यामुळे ई-२० झाल्यावर साध्या पेट्रोलचं ऑक्टेन ९५ झालं, असं मंत्रालयानेच ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं. शिवाय इथेनॉल वाफ होताना मिश्रण थंड करतं. टर्बो इंजिनासाठी ही खरं म्हणजे चांगली गोष्ट आहे. शर्यतीच्या गाड्या इथेनॉलवर उगाच नाही चालत. जे 'ई-२० म्हणजे विष' असे व्हिडीओ फिरवून राह्यले, त्यांनी हेही सांगावं.

आणि जे 'ई-२० म्हणजे अमृत' म्हणतात त्यांनी दुसरी बाजू सांगावी. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा. नीती आयोगाच्या जून २०२१ च्या आराखड्यातच लिहिलं होतं की जुन्या धाटणीच्या चारचाकीचा मायलेज ६-७ टक्के आणि दुचाकीचा ३-४ टक्के घटू शकतो. जुन्या गाड्यांसाठी ई-१० हे संरक्षक इंधन म्हणून चालू ठेवावं, हेही त्याच आराखड्यात होतं. आज पंपावर ते मागून बघा. रिमॅपवाल्या गाडीचा प्रश्न आणखी वेगळा. ई-२० ला त्याच हवेसाठी पेट्रोल जास्त सोडावं लागतं. ज्या गाडीचे इंजेक्टर आणि पंप आधीच पूर्ण ताकदीवर चालत असतात, तिला हे जास्तीचं पेट्रोल पुरत नाही. मिश्रण कोरडं होतं, आणि कोरडं मिश्रण म्हणजे पुन्हा उष्णता.

म्हणजे गाडीवाल्याला एक नाही, दोन आकडे माहीत हवेत. ऑक्टेन किती आणि इथेनॉल किती. साध्यात ९५ असेल तर '९५' लिहिलेल्या पॉवरच्या पेट्रोलला मी जास्तीचे पैसे कशाचे देतो? उत्तर असेल, इंजिन साफ ठेवणाऱ्या रसायनांचे. असू द्या, त्याचाही काही उपयोग असेल. पण ते पंपावर लिहा नं भाऊ. मी एका पंपावर हाच प्रश्न केला तर उत्तर मिळालं, "पॉवर म्हणजे पॉवर, साहेब. गाडी चांगली चालते." पोराची चूक नाही. त्याला कोणी सांगितलंच नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये वस्तूची गुणवत्ता, प्रमाण, शुद्धता, दर्जा आणि किंमत जाणून घेण्याचा हक्क लिहिलेला आहे. पंपावर आपल्याला फिल्टर पेपर मागता येतो, घनता पाहता येते, पाच लिटरचं माप लावायला सांगता येतं. मग ऑक्टेन आणि इथेनॉलचे आकडे मोठ्या अक्षरात का नाही? हीच मागणी सर्वोच्च न्यायालयात गेली होती. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलचा पर्याय द्या आणि पंपावर इथेनॉलचं प्रमाण लिहा, अशी ती याचिका. १ सप्टेंबर २०२५ ला तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई, म्हणजे आपल्या अमरावतीचेच, यांच्या खंडपीठाने ती फेटाळली. सरकारने ऊस उत्पादकांचं हित पुढे केलं होतं. न्यायालयाचा निर्णय मान्य. पण याचिका फेटाळली म्हणजे पाटी लावायला बंदी झाली असं नाही. कंपन्या उद्या सकाळी पाटी लावू शकतात.

आणि शेतकऱ्याच्या हिताचं म्हणाल तर वऱ्हाडात ऊस किती? आपलं पीक सोयाबीन आणि कापूस. इथेनॉल आता उसापेक्षाही मक्यातून मोठ्या प्रमाणात येतं. मक्यातून इथेनॉल काढल्यावर प्रथिनांनी भरलेला जो चोथा उरतो, ज्याला व्यापारी डीडीजीएस म्हणतात, तो कोंबडी आणि जनावरांच्या खाद्यात जातो. स्वस्त असल्याने तो सोयाबीनच्या ढेपेची जागा घेतो. २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजार समित्यांत बराच काळ त्याहून खाली सौदे झाले. त्याला हे एकच कारण नाही, तेलाची आयात आहे, जागतिक भाव आहे. पण एक कारण हेही आहे. म्हणजे अकोल्याच्या शेतकऱ्याच्या फटफटीचा मायलेजही घटला आणि त्याच टाकीतल्या इथेनॉलने त्याच्या सोयाबीनच्या भावालाही धक्का लावला. पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्याचा फायदा आपल्या नावावर का खपवता?

भाच्याला मी जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो. साधी गाडी, मोपेड, फटफटी असेल तर शंभर ऑक्टेनवर पैसे उडवू नका. कंपनीने टाकीच्या झाकणावर किंवा पुस्तिकेत लिहिलंय तेवढं पुरे. गाडी ई-२० साठी बनली आहे का, हे मात्र तिथेच तपासा. टर्बो गाडी कंपनीतून आली तशीच असेल, तर पुस्तिकेतला आकडा पाळा आणि उन्हाळ्यात लांबच्या प्रवासाला त्यात कंजुषी करू नका. आणि रिमॅप करणारच असाल तर, वॉरंटी जाईल हे धरून, रिमॅपवाल्याकडून लिहून घ्या: कोणतं ऑक्टेन, कोणत्या पद्धतीचं, इथेनॉल किती. प्रोग्रॅम पुण्याच्या सगळ्यात चांगल्या पेट्रोलवर नको, आपल्या रस्त्यावर मिळणाऱ्या सगळ्यात साध्या पेट्रोलवर बसवा. ताकद थोडी कमी मिळेल, पण जी मिळेल ती बडनेऱ्यातही टिकेल. आणि चढावर खडखड ऐकू आली तर पाय उचला, गिअर खाली घ्या.

भाच्याने जानेवारीत गाडीचा प्रोग्रॅम ९५ ऑक्टेन आणि ई-२० वर बदलून घेतला. म्हणतो, "मामा, आता थोडी कमी उडते, पण टेन्शन नाही."

आता मागणी सरळ आहे. अमरावती आणि अकोला जिल्ह्यातल्या प्रत्येक पंपावर, प्रत्येक नोझलवर दोन आकडे लिहा: ऑक्टेन किती, इथेनॉल किती. पुरवठा विभाग, तेल कंपन्या, लोकप्रतिनिधी, कोणालाही यात पैसे लागत नाहीत, एक स्टिकर लागते. तुमच्या पंपावर असे आकडे लिहिलेले असतील तर फोटो कमेंटमध्ये टाका, त्या पंपाचं कौतुक करू. नसतील तर पुढच्या वेळी पैसे देण्याआधी विचारा. चार जणांनी विचारलं तर हसतील. चारशे जणांनी विचारलं तर पाटी लागेल.