साधेपणाचें शील : कोपनहेगन ते सुंडबोर्न

शैली हा शब्द आपण अलीकडे फार सैलपणें वापरतों. कपड्यांची शैली, घराची शैली असें म्हणतांना वरून चढविलेली एखादी झूल आपल्या डोळ्यांपुढें असते. व्युत्पत्ति मात्र निराळें सांगते. शैली हा शब्द शील या शब्दापासून निघाला आहे. आंत स्वभाव म्हणून जें वसतें, त्याचें बाहेर दिसणारें रूप ती शैली. डेन्मार्क, स्वीडन व नॉर्वे या तीन देशांची आज जगभर जी कीर्ति झाली आहे ती अशाच एका शैलीमुळें. पांढऱ्या भिंती, फिकट लांकूड, मोजकें सामान आणि डोळ्यांस न टोंचणारे रंग, ही तिचीं लक्षणें सर्वांस ठाऊक आहेत. त्यांच्या मुळाशीं शील कोणतें, हें पाहण्याचा योग मला गेल्या उन्हाळ्यांत आला. माझा मुलगा कोपनहेगन येथें नोकरीस असतो. त्याच्याकडे आम्ही उभयतां सात आठवडे राहिलों.

या निरीक्षणामागें एक घरगुती प्रश्नही होता. पुण्यांतील आमचा जुना वाडा पाडून तेथें नवी इमारत उठत आहे, आणि तीन पिढ्यांचें सामान आतां दोन खोल्यांत बसवावयाचें आहे. काय ठेवावें आणि काय द्यावें, हा वाद घरांत वर्षभर चालला होता. ‘सगळेंच ठेवूं’ हा माझा पक्ष, आणि ‘सगळेंच नवें घेऊं’ हा धाकट्या चिरंजिवांचा पक्ष. सौभाग्यवती दोघांचेंही ऐकून घेत आणि कोणाचेंच मान्य करीत नसत.

कोपनहेगनला पोंचल्यावर प्रथम मनांत भरतो तो तेथील उजेड. जूनमध्यें दिवस सतरा तासांहून मोठा असतो; याच्या उलट डिसेंबरांत तो जेमतेम सात तासांचा होतो. वर्षांतील कित्येक महिने ज्यांना सूर्य पाहुण्यासारखा भेटतो, त्यांनीं भिंती पांढऱ्या ठेवाव्या, खिडक्यांवर जड पडदे लावूं नयेत आणि लांकडाला गडद रोगण देऊं नये, हें साहजिकच आहे. आलेला प्रकाश वाया जाऊं नये, एवढाच त्यांत हेतु. दुसरें कारण दारिद्र्याचें. आज श्रीमंत म्हणून गाजणारे हे देश एकोणिसाव्या शतकांत तसे नव्हते. १८५० ते १९३० या काळांत एकट्या स्वीडनमधून दहा लाखांहून अधिक माणसें पोटासाठीं अमेरिकेस गेलीं. थोडक्यांत नीटनेटकें राहण्याची संवय त्या लोकांना गरजेनें लागली, आणि पुढें त्यांनीं तिलाच सौंदर्याचें रूप दिलें.

रस्त्यावरील पोषाखही याच गोष्टीची साक्ष देतो. तेथें स्त्री-पुरुष, प्राध्यापक आणि कारकून सारेच सायकलीवरून जातात. त्यामुळें कपडा पायांत अडकणारा नको, पावसानें खराब होणारा नको आणि कचेरींत गेल्यावर बदलावा लागेल असाही नको. बहुतेकांच्या अंगावर काळा, करडा किंवा गडद निळा कोट, आणि गळ्याशीं एकच रंगीत पट्टा. कालिदासाच्या शकुंतलेस वल्कलही शोभून दिसलें, याचें श्रेय कवीनें तिच्या रूपास दिलें आहे. येथें सामान्य रूपाचीं माणसें सामान्य कपड्यांत बेताचीं शोभून दिसतात, याचें श्रेय मी त्यांच्या निवडीस देईन. स्वीडिश भाषेंत ‘लागोम’ असा एक शब्द आहे. फार नाहीं, थोडकें नाहीं, बेताचें, असा त्याचा अर्थ. आपल्या ‘मित’ या शब्दाचा तो सख्खा भाऊ म्हणावयास हरकत नाहीं.

माझी नात वस्त्ररचनेचें शिक्षण घेत आहे. तिचा एक नेम मला फार आवडला. ती रोज एकच छायाचित्र काढते आणि तेंही नित्याच्या वस्तूचें: खिडकींतील पेला, ओला दगडी पदपथ, दाराशीं टेकलेली सायकल, खुंटीवरचा कोट. अनोळखी माणसाचा चेहरा घ्यावयाचा नाहीं, हा तिचा दुसरा नियम.

“आजोबा, तुम्हीही काढून बघा ना. फक्त दिवा लावायचा नाहीं, खिडकीचाच उजेड घ्यायचा, आणि एका चित्रांत एकच वस्तु,” ती मला म्हणाली.

मीं मुलाचा जुना फोन घेऊन आरंभ केला. पहिले चार दिवस चित्रांत काय घ्यावें यापेक्षां काय वगळावें याचाच अभ्यास झाला. महिन्याच्या शेवटीं तिनें आपलीं बारा छायाचित्रें जमिनीवर ओळीनें मांडलीं. एक करडा, एक विटकरी तांबडा आणि एक दुधाळ पांढरा, असे तीनच रंग त्यांत पुनः पुनः आलेले दिसले. हे तीन तिनें शोधले नव्हते. ते तिला सांपडले होते. त्यांवरून ती एक शाल विणणार होती. दुकानांतील नवा नमुना पाहून तशीच शाल विणणें निराळें, आणि आपला डोळा कोठें वारंवार थांबतो हें ओळखून विणणें निराळें. स्फूर्ति म्हणतात ती या दुसऱ्या वाटेनें येते, असें मला वाटतें. व्हिल्हेल्म हामरशॉय (१८६४–१९१६) या डॅनिश चित्रकाराचीं चित्रें आम्हीं पाहिलीं, तेव्हां हीच गोष्ट पुनः ध्यानांत आली. स्वतःच्या घरांतील जवळजवळ रिकामी खोली, खिडकींतून आलेला तिरपा उजेड आणि पाठमोरी पत्नी, एवढ्या सामग्रीवर त्यानें कित्येक वर्षें चित्रें काढलीं.

ब्रेडगाडे या रस्त्यावर डेन्मार्कचें रचनाकलेचें संग्रहालय आहे. १७५७ सालीं उघडलेल्या एका रुग्णालयाची ही इमारत. तत्त्वज्ञ कीर्केगॉर याचा अंत १८५५ त येथेंच झाला. कॉरे क्लिंट आणि ईव्हार बेंटसेन यांनीं तिचें रूपांतर केलें व १९२६ पासून संग्रहालय तेथें नांदत आहे. क्लिंट हा खरोखर आमच्या जातीचा, म्हणजे शिक्षक जातीचा, मनुष्य. १९२४ पासून तो कलाशाळेंत फर्निचरची रचना शिकवूं लागला. त्याचा पहिला पाठ चित्र काढण्याचा नसून मोजण्याचा होता. माणूस बसतो तेव्हां गुडघा किती उंच असतो, घडी घातलेला सदरा किती रुंद होतो, ताटांची चळत किती जागा घेते, हें आधीं मोजावें आणि मग कपाट करावें. जुन्या वस्तूंचा तो तिरस्कार करीत नसे. पूर्वींच्या सुतारांनीं जें सोडविलें आहे तें नीट अभ्यासून पुढें जावें, असें त्याचें सांगणें असे.

संग्रहालयांतील खुर्च्यांचें दालन पाहतां पाहतां अर्धा दिवस गेला. हान्स वेग्नर हा त्यांतला अग्रणी. १९१४ सालीं ट्योनर गांवीं एका चांभाराच्या घरीं जन्मलेला हा मुलगा लहानपणींच सुतारकाम शिकूं लागला, आणि पुढें त्यानें पांचशेंहून अधिक खुर्च्या योजिल्या. पाठीशीं इंग्रजी वाय अक्षरासारखी फळी असलेली त्याची खुर्ची १९४९ ची. ती १९५० पासून आजतागायत तयार होत आहे. तिची बैठक कागदाच्या पिळाची असून ती विणावयास सुमारें १२० मीटर दोर लागतो आणि तें काम आजही हातानेंच होतें. या खुर्चीचें मूळ मिंग काळांतील चिनी खुर्च्यांत आहे. परक्याकडून घ्यावें, पण तें आपल्या हाताच्या संवयीस उतरवून घ्यावें, याचा याहून चांगला नमुना मला दुसरा आढळला नाहीं.

तेथेंच पॉल हेनिंगसेन याचे दिवे पाहिले. विजेचा दिवा आला तेव्हां उजेड वाढला, पण त्याबरोबर डोळे दिपविणारी झळही आली. १९२६ च्या सुमारास त्यानें एकाखालीं एक अशीं तीन आवरणें अशा वक्रतेनें बसविलीं कीं दिव्याची ज्योत कोठूनही उघडी दिसूं नये आणि प्रकाश मात्र परावर्तित होऊन खालीं मेजावर पडावा. सौभाग्यवतींच्या डोळ्यांचें मोतीबिंदूचें शस्त्रकर्म दोन वर्षांपूर्वीं झालें आहे. तेव्हांपासून उघड्या दिव्याचा त्यांना त्रास होतो, आणि संध्याकाळीं त्या वाचन टाकून नुसत्या बसून राहतात. त्या दिव्याखालीं त्या बराच वेळ उभ्या होत्या.

“अहो, दिवा लहान नको होता. तो नुसता झांकायचा होता,” त्या म्हणाल्या.

ऑगस्टांत आम्हीं स्वीडनमधील दालार्ना प्रांतांत फालूनजवळ सुंडबोर्न हें खेडें पाहिलें. तेथें चित्रकार कार्ल लार्सन (१८५३–१९१९) आणि त्याची पत्नी कारिन (१८५९–१९२८) यांचें घर आहे. कारिनच्या वडिलांनीं तें त्यांना १८८८ त दिलें. कार्लचें बाळपण स्टॉकहोमच्या दरिद्री वस्तींत गेलें होतें. या घराचीं प्रसन्न जलचित्रें काढून त्यानें १८९९ त ‘एक घर’ या अर्थाच्या नांवाचें पुस्तक प्रसिद्ध केलें, आणि स्वीडनमध्यें घर कसें असावें याची कल्पनाच त्यानें बदलली. त्याच वर्षीं एलेन केय या विदुषीनें ‘सर्वांसाठीं सौंदर्य’ या आशयाचें पुस्तक लिहिलें. १९१७ त स्टॉकहोम येथें कामकऱ्यांच्या एक-दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांसाठीं गृहप्रदर्शन भरलें, आणि १९१९ त ग्रेगोर पॉल्सन यानें नित्याच्या वापरांतील वस्तु अधिक सुंदर व्हाव्या, अशी हांक दिली. दोन खोल्यांचा प्रश्न आम्हांपूर्वीं शंभर वर्षें दुसऱ्या कोणास पडला होता, आणि तो त्यांनीं कमीपणाचा मानला नव्हता, हें वाचून मला मोठा धीर आला.

घरांत हिंडतांना मात्र मन दुसऱ्याच गोष्टीकडे वळलें. चित्रांखालीं सही कार्लची. पण चित्रांत दिसणारे पडदे, मेजपोस, उशा, कित्येक सामान, आणि मुलांचे व स्वतःचे सैल, कमर न आवळणारे झगे, यांची योजना कारिनची. ती स्वतः कलाशाळेंत शिकलेली चित्रकर्त्री. विवाहानंतर आणि मुलांच्या संगोपनांत तिनें चित्रें सोडलीं आणि माग धरला. तिनें विणलेल्या वस्तु फार काळ निव्वळ घरकाम समजल्या गेल्या. लंडनच्या व्हिक्टोरिया व अल्बर्ट संग्रहालयानें १९९७ त दोघांचें मिळून प्रदर्शन भरविलें, तेव्हां स्वीडिश शैलीचे निर्माते म्हणून दोघांचीं नांवें बरोबरीनें आलीं. सौभाग्यवती या खोलींत कांहींच बोलल्या नाहींत. पण नातीनें विचारलें, “आजी, तुझ्या ट्रंकेंतल्या गोधड्यांवर तूं कधीं नांव घातलंस?” तेव्हां त्या हंसल्या आणि म्हणाल्या, “गोधडीला कसलं गं नांव?”

या सर्व प्रशंसेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सर्वांसाठीं सौंदर्य हें ब्रीद पुरतें साधलेलें नाहीं. बोर्गे मोगेन्सेन यानें १९४७ त डेन्मार्कच्या सहकारी संघासाठीं एक खुर्ची योजिली व ती ‘लोकांची खुर्ची’ म्हणून ओळखली गेली. आज ती, किंवा वेग्नरची ती खुर्ची, घ्यावयाची तर आपल्याकडील शिक्षकानें पगाराकडे दोनदां पाहावें. उलट स्वस्ताईचें वचन ज्यांनीं पाळलें, त्या १९४३ त स्थापन झालेल्या इकेआ कंपनीचें दुकान डिसेंबर २०२० पासून नवी मुंबईंतही आहे. परंतु स्वस्त वस्तु सहज घेतली जाते तशी सहज टाकलीही जाते, हा धोका त्यांत आहेच. वस्त्रांच्या बाबतींत हीच चिंता पाहून कोपनहेगनच्या फॅशन सप्ताहानें २०२३ पासून सहभागी होणाऱ्यांस किमान अटी घातल्या आहेत. न खपलेले कपडे नष्ट करूं नयेत, ही त्यांतली एक. दालार्नाच्या खेड्यांतील घरांचा तांबडा रंग पाहिला म्हणजे जुना मार्ग किती शहाणपणाचा होता तें कळतें. फालूनच्या तांब्याच्या खाणींतील टाकाऊ, लोहयुक्त माती, पाणी, राईचें पीठ आणि जवसाचें तेल शिजवून तो करतात. खाण १९९२ त बंद झाली. रंग अजून चालू आहे, आणि नातीच्या छायाचित्रांत तोच उतरला होता.

परत आल्यावर आमच्या वादाचा निकाल क्लिंटच्या पद्धतीनें लागला. आम्हीं दोन्ही खोल्या मोजल्या, नंतर वस्तु मोजल्या, आणि वर्षभरांत कोणती वस्तु किती वेळां हातांत आली याची यादी केली. शिसवी पाट, समई, पोथ्यांचें फडताळ आणि झोंपाळ्याची फळी हीं राहिलीं. भेटींदाखल आलेल्या वस्तूंनीं भरलेलें कांचेचें कपाट, ज्याचा मी सर्वांत अधिक अभिमान धरीत असें, तें गेलें. वाचनाच्या जागीं दिव्यास साध्या जाड कागदाचें दुहेरी आवरण केलें, तें नातीनें पाठविलेल्या आकृतीवरून. त्याला हेनिंगसेनची सर नाहीं, पण सौभाग्यवती रात्रीं पुनः तासभर वाचूं लागल्या आहेत. ट्रंकेंतील चार गोधड्या आतां पलंगावर व झोंपाळ्यावर आहेत. गेल्या रविवारीं त्या एका गोधडीच्या कोंपऱ्यांत निळ्या दोऱ्यानें कांहीं घालीत बसलेल्या दिसल्या. मीं विचारलें नाहीं. परंतु दुपारीं त्या निजल्यावर चष्मा लावून पाहिलें, तों त्यांच्या माहेरच्या नांवाचें पहिलें अक्षर होतें.

परदेशची वस्तु घरीं आणण्यास पैसा लागतो. परदेशची दृष्टि आणण्यास तो फारसा लागत नाहीं, आणि आणलेली दृष्टि आपल्याच वस्तूंवर टाकली म्हणजे तिचा खरा उपयोग होतो. वाचकांनीं, विशेषतः लहान जागेंत बिऱ्हाड मांडणाऱ्या तरुण जोडप्यांनीं, एक महिना रोज एका नित्याच्या वस्तूचें छायाचित्र काढून पाहावें, आणि नवी खरेदी त्यानंतर करावी, एवढीच माझी सूचना आहे.